न आलेल्या गोवराची नोंद कुठे?



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी दवाखान्याच्या दारात आलेल्या माणसाला कधी रांगेतला नंबर समजलं नाही. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून आज मला त्या दारात आत उभ्या असलेल्या बाईबद्दल बोलायचं आहे. म्हणजे सिस्टरबद्दल. आरोग्यसेविका, अधिपरिचारिका, एएनएम, कंत्राटी नर्स, कागदावर तिचं पद काहीही असो. आपण सगळे तिला सिस्टर म्हणतो आणि मीही तेच म्हणणार आहे.

सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की औषधं, रांग, अस्वच्छता हे सगळं बोलून झाल्यावर एक तक्रार हमखास येते. सिस्टर अंगावर येतात. साधं काही विचारलं तरी खेकसतात. उल्हासनगरच्या कॅम्प पाचात ऐका, अंबरनाथच्या पूर्वेला ऐका, बदलापूरच्या नव्या इमारतींत ऐका, तक्रार तीच. मी तिला खोटं म्हणणार नाही. नोकरीच्या काळात ती मी स्वतःच्या कानांनी ऐकलेली आहे. आणि जिच्याबद्दल ती होती, त्याच सिस्टरला मध्यरात्री कळा सोसणाऱ्या अनोळखी बाईचा हात धरून, तिच्या कपाळावरचा घाम पुसत बसलेलंही पाहिलेलं आहे. दोन्ही खरं आहे. एकच बाई या दोन टोकांना कशी पोचते, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या प्राथमिक आरोग्यसेवेबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

बर्नआउट म्हटलं की हल्ली आयटी कंपनीतला तरुण डोळ्यांपुढे येतो. पण ही कल्पना पहिल्यांदा मांडली गेली ती दवाखान्यात, तीही गरिबांच्या मोफत दवाखान्यात. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर अशा एका दवाखान्यात संध्याकाळी काम करत. तिथले कार्यकर्ते तळमळीने यायचे, आणि काही महिन्यांत तीच माणसं चिडचिडी, कोरडी, थकलेली दिसायची. 1974 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी या अवस्थेचं मोजमाप बसवलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात तिची नोंद केली, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि ज्याचा बंदोबस्त झाला नाही अशा ताणाचा परिणाम, अशी ती नोंद आहे. तिची तीन लक्षणं सांगितली आहेत. अंगातली सगळी शक्ती निघून गेल्यासारखं वाटणं, हे पहिलं. कामापासून आणि कामातल्या माणसांपासून मन तुटणं, कडवटपणा येणं, हे दुसरं. आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटू लागणं, हे तिसरं.

दुसरं लक्षण पुन्हा पाहा. आपण ज्याला सिस्टरचा तुसडेपणा म्हणतो, तो बहुतेक वेळा हाच असतो. तापाला आपण रोग्याचा स्वभाव म्हणत नाही. मग याला स्वभाव का म्हणायचं? ताप कशाने आला ते शोधतो, तसं हे कशाने आलं ते शोधायला हवं. आणि ते शोधायला बाईच्या मनात फार खोल उतरावं लागत नाही. बाहेरचा हिशेब तपासला तरी पुरतं.

म्हणून आधी आकडे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 97,948 होती, 2011 मध्ये 1,74,226 झाली. दहा वर्षांत 78 टक्के वाढ. अंबरनाथ त्याच काळात 2,03,804 वरून 2,53,475 वर गेलं. उल्हासनगर 4,73,731 वरून 5,06,098 वर, म्हणजे सात टक्क्यांच्या आतच. लोकलने काही मिनिटांच्या अंतरावरची ही तीन शहरं, पण तिघांची चाल वेगळी. उल्हासनगर 1949 साली फाळणीतून आलेल्या सिंधी कुटुंबांसाठी लष्करी छावणीच्या जागेवर वसलं आणि केव्हाच गच्च भरलं. अंबरनाथ ऑर्डनन्स फॅक्टरी, काडेपेटीचा कारखाना आणि पुढे एमआयडीसीच्या आधाराने वाढलं. बदलापूर वाढलं ते मुंबईत घर न परवडणाऱ्यांच्या जोरावर. सीएसएमटीपासून 68 किलोमीटर, तरी घर स्वतःचं, म्हणून.

2011 नंतर काय झालं? 2021 ची जनगणना झालीच नाही. पुढची आता 2027 ची. म्हणजे बदलापुरात गेल्या पंधरा वर्षांत ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत राहायला आलेली माणसं कुठल्याही जनगणनेत बदलापूरकर म्हणून मोजलेलीच नाहीत. आणि आपल्याकडे दवाखाने, पदं, लसी, सगळं ठरतं ते लोकसंख्येच्या प्रमाणात. खेड्यात 5,000 वस्तीला एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात 3,000 ला. 30,000 ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात 20,000 ला. शहरासाठी 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं, त्याने 50,000 लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र आणि साधारण 10,000 मागे एक एएनएम असं प्रमाण घालून दिलं. प्रमाण वाईट नाही. पण भाजक जुना असला तर प्रमाणाला काय अर्थ? कागदावर दहा हजारांची असलेली सिस्टर प्रत्यक्षात किती हजारांची आहे, हे तिच्या पायांना माहीत असतं, खात्याला नाही.

मुळात शहराला प्राथमिक आरोग्यसेवा लागते, हेच आपल्याकडे उशिरा सुचलं. भोर समितीचा अहवाल 1946 चा. त्यातून प्राथमिक आरोग्य केंद्राची जी कल्पना रुजली, ती खेड्यासाठी होती. शहरात मोठी रुग्णालयं आहेत, खासगी डॉक्टर आहेत, असं धरून चाललं गेलं. मुंबईपुरतं ते काही अंशी खरंही असेल. पण जे खेडंही राहिलं नाही आणि नीट शहरही झालं नाही, अशा आपल्या पट्ट्याचं काय? बदलापूर पावणेदोन लाखांचं झालं तरी तिथलं सरकारी रुग्णालय ग्रामीण रुग्णालयच होतं, आणि राज्यात ग्रामीण रुग्णालयाचा साचा 30 खाटांचा असतो. अंबरनाथला छाया रुग्णालय. त्यापुढचा मोठा आधार म्हणजे उल्हासनगर कॅम्प तीनचं मध्यवर्ती रुग्णालय, तिथे मुरबाड-कर्जतकडूनही रुग्ण येतात. तिथून पुढे ठाणे, कळवा, मग मुंबई. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले, तेव्हा सारं राज्य हादरलं. त्यांतले बरेच जण अत्यवस्थ होऊन, उशिरा पोचले होते, असं प्रशासनाने सांगितलं. उशीर कळव्यात होत नाही, तो खाली होतो. जिथे रक्तदाब वेळेवर मोजला जायला हवा, गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातव्या महिन्याआधी कळायला हवं, तिथे. म्हणजे ज्या सिस्टरबद्दल मी बोलतो आहे, तिच्याकडे.

आता तिचा एक दिवस जवळून पाहू. आकड्यांत तो दिसत नाही.

लसीकरणाचा दिवस आहे. जागा उल्हासनगरच्या कॅम्पातली अंगणवाडी, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत. सकाळी सिस्टर केंद्रावरून व्हॅक्सिन कॅरिअर घेते. आत चार आइस पॅक. ते फ्रीझरमधून काढून लगेच घालायचे नसतात. थोडे वितळू द्यायचे, कानाशी धरून हलवायचे, आत पाण्याचा आवाज आला की मग भरायचे, नाहीतर पेंटासारखी लस गोठून वाया जाते. हे काम घाईत करता येत नाही आणि घाई तर असतेच. रिक्षाने किंवा चालत ती अंगणवाडीत पोचते. आशाताईने घरोघर फिरून बोलावलेल्या बाया आलेल्या असतात. दीड महिन्याच्या बाळाला डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत पीसीव्ही, दंडाला कातडीत पोलिओची सुई, शिवाय तोंडातून पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस. एका बाळाला तीन सुया. बाळ आकांत करतं, आईचे डोळे भरतात, मागे उभी असलेली आजी म्हणते, एका दिवशी इतकं कशाला टोचता? प्रत्येक आईला सिस्टरने चार गोष्टी सांगायच्या असतात. कुठली लस दिली, पुढची कधी, काय त्रास होऊ शकतो, आणि कार्ड जपून ठेवा. मराठीत, हिंदीत, कधी मोडक्यातोडक्या सिंधीत.

मग मोबाइल. नोंद पोर्टलवर चढवायची, त्यासाठी ओटीपी लागतो. घरात मोबाइल एकच, तो नवऱ्याकडे, आणि नवरा कंपनीत मशीनवर. त्याला फोन लावायचा, तो उचलेपर्यंत थांबायचं, उचलला की तो विचारतो कसला ओटीपी, पैसे जातील का? त्याचंही चूक नाही, रोज फसवणुकीच्या बातम्या वाचतो तो. नेटवर्क गेलं की हे सगळं घरी नेऊन रात्री भरायचं. तीच नोंद वहीत, तीच टॅली शीटवर, तीच आईच्या कार्डावर. शिवाय सत्राचा फोटो ग्रुपवर टाकायचा. गोवर-रुबेलाची बाटली एकदा विरघळवली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. एकच बाळ आलं तर? नियम सांगतो, बाळाला परत पाठवू नका, बाटली फोडा. ती फोडते. महिनाअखेरीस आढावा बैठकीत विचारलं जातं, वेस्टेज इतकं कसं? फोडली नसती तर विचारलं असतं, बाळ सुटलं कसं?

दुसऱ्या दिवशी एक बाप केंद्रावर येऊन आरडाओरडा करतो, तुमच्या सुईने पोराला रात्रभर ताप आला. ती त्याला समजावते. त्याच वेळी मागे मधुमेहाच्या गोळ्यांची रांग, क्षयाच्या रुग्णाची निक्षय पोर्टलवर नोंद राहिलेली, डेंग्यूचा सर्व्हे अर्धा, आणि एक गरोदर बाई हरवलेली. हरवलेली म्हणजे बाळंतपणाला माहेरी गेलेली, जळगावला किंवा थेट उत्तर प्रदेशात. तिची नोंद इथली, म्हणून बाळंतपण कुठे झालं, बाळाचं वजन किती, पहिली लस मिळाली का, हे सगळं इथल्या सिस्टरने फोनवर शोधायचं. फोन लागत नाही. पोर्टलवर नाव लाल राहतं.

बदलापूरच्या उंच इमारतीत अडवणूक वेगळी आहे. वॉचमन वर सोडत नाही, दार उघडत नाही, आम्ही प्रायव्हेटला जातो म्हणून मुलाचं कार्ड दाखवायलाही नकार. तिथून काही किलोमीटर पुढे, वांगणीच्या बाजूला, बारवीच्या बाजूला, कातकरी-ठाकरांच्या वाड्या आणि हंगामात वीटभट्ट्या. पावसाळा संपला की कुटुंबं भट्टीवर येतात, पाऊस जवळ आला की जातात. त्यांतलं बाळ तीन दिवसांसाठी सापडतं आणि मग पुन्हा सापडत नाही. टॉवरातलं न उघडणारं दार आणि भट्टीवरचं हललेलं पाल, दोन्ही एकाच प्रकारच्या रकान्यात भरायचं.

या सगळ्यात कष्ट आहेतच. पण नुसत्या कष्टाने बाई अशी विझत नाही. शेतात, घरात, कारखान्यात बाया याहून जास्त राबतात. सिस्टरला आतून संपवणारी गोष्ट मला त्या तिसऱ्या लक्षणात दिसते. आपल्या हातून काही होत नाही, असं वाटणं. रुग्णालयातल्या नर्सला निदान घरी निघालेला रुग्ण दिसतो. तो हात जोडतो, पेढे देतो. प्राथमिक सेवेतल्या सिस्टरचं यश म्हणजे न घडलेली गोष्ट. तिने लस दिली म्हणून गोवर आला नाही. तिने वेळेवर लोहाच्या गोळ्या खायला लावल्या म्हणून बाळंतपणात बाई दगावली नाही. न आलेल्या गोवराची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये करायची? 2022 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीला, आपल्याच जिल्ह्यात भिवंडीला, तिकडे मालेगावात गोवराचा उद्रेक झाला. गाड्या आल्या, साहेब आले, व्हीसी झाल्या, याद्या मागितल्या गेल्या. जिथे आला तिथल्या सिस्टरला जाब विचारला गेला. जिथे आला नाही, तिथल्या सिस्टरला कोणी विचारलं का, की बाई, तू काय केलंस म्हणून आला नाही? कामातलं अपयश तेवढं मोजायचं आणि यशाला रकानाच ठेवायचा नाही, अशा व्यवस्थेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचं मन कोरडं पडलं तर मला नवल वाटत नाही.

आकड्यांचा जाचही तिलाच. जन्मांचं अपेक्षित लक्ष्य लोकसंख्येवरून काढतात. जिथे लोकसंख्या कागदाहून फार वाढली, तिथे लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर जातं आणि वरून विचारणा होते, आकडे फुगवले का? जिथून तरुण जोडपी दुसरीकडे राहायला गेली, तिथे ते शंभराच्या खाली राहतं आणि विचारणा होते, काम का झालं नाही? दोन्हीकडे सिस्टर खोटी ठरते, आणि खोटी असते ती जुनी मोजणी.

थोडा इतिहास सांगतो, कारण हे ओझं एका दिवसात चढलेलं नाही. एएनएम ही मूळची सुईण. गरोदर बाई, बाळंतपण, तान्हं मूल, एवढं तिचं काम. 1973 साली कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती करायचं ठरवलं. हेतू चांगला होता, एका घरी दहा खात्यांची दहा माणसं जाऊ नयेत. पण उद्देश वाढत गेले, बाई एकच राहिली. कुटुंबनियोजनाच्या टार्गेटने तिचा किती छळ झाला, हे जुन्या सेविका आजही सांगतात. आणीबाणीत तर आपल्या राज्याने 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही हे आपलं भाग्य. टार्गेटची ती पद्धत देशभर 1996 मध्ये गेली, पण वरून आकडा मागायचा आणि खाली माणूस दाबायचा, ही सवय गेली नाही. मग पल्स पोलिओ, मग रक्तदाब-मधुमेहाची तपासणी, मग करोना, मग आभा कार्ड. प्रत्येक योजना एकेकटी पाहिली तर योग्यच वाटते. त्या सगळ्या ज्या एका टेबलावर येऊन पडतात, ते टेबल मंत्रालयातून दिसत नाही.

त्यात कंत्राट. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि हजारो सेविका, नर्स कंत्राटावर आल्या. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा ब्रेक, पुन्हा अकरा महिने. एकाच उपकेंद्रात दोन सेविका, एक कायम आणि एक कंत्राटी, सुई तीच, रजिस्टर तेच, पगारात मोठी दरी, आणि एकीला पेन्शनची निदान चर्चा तरी, दुसरीला बाळंतपणाच्या रजेचीही धाकधूक. दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना सेवेत सामावून घेण्याचा शासन निर्णय 14 मार्च 2024 चा. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये हे कर्मचारी पुन्हा संपावर गेले. त्याआधी 2022 च्या मे-जूनमध्ये नर्सेसनी खासगी एजन्सीमार्फत भरतीच्या विरोधात संप केला होता. आपण वर्तमानपत्रात वाचतो, रुग्णांचे हाल. हाल होतात, खरं आहे. पण जिची पुढच्या वर्षीची नोकरी पक्की नाही, तिने पाच वर्षांनी होणाऱ्या कुपोषणाची काळजी शांतपणे करावी, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करतो?

आणि तिचा गौरव मात्र आपण जोरात करतो. 12 मेचा परिचारिका दिन आला की शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. करोनाच्या पहिल्या महिन्यांत थाळ्या वाजल्या, टाळ्या वाजल्या. लोकल बंद होती, बदलापूर-अंबरनाथच्या नर्स खास सोडलेल्या बसने मुंबईच्या रुग्णालयांत जात होत्या, तासन्‌तास प्रवास करून. त्याच दिवसांत कित्येकींना स्वतःच्याच सोसायटीत लोक जिना चढू देईनात. देवदूत म्हणायचं आणि दारात उभं करायचं नाही, हे मला आजही सहन होत नाही. सेवा हा मोठा शब्द आहे, मी त्याचा अनादर करत नाही. पण पगार, रजा, माणसं आणि सुरक्षितता यांच्या जागी तो वापरला जातो, तेव्हा त्याचा अनादर वापरणाऱ्याने केलेला असतो.

शुश्रूषेनेच माणूस थकतो, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही, आणि याला आपल्या राज्यातलाच दाखला आहे. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर 18 मे 2015 ला त्या गेल्या तोपर्यंत, जवळजवळ 42 वर्षं, केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या, ज्यांनी त्यांना हिंडताना-फिरताना कधी पाहिलंही नव्हतं अशा मुली आल्या, आणि त्यांनीही ते काम आपलं मानलं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल दिला तेव्हा अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतकी वर्षं ही शुश्रूषा का टिकली? मला वाटतं, ती त्यांनी स्वतः ठरवली होती, सगळ्यांनी मिळून वाटून घेतली होती, आणि त्यात त्यांचा शब्द चालत होता. माणूस काळजी घेऊन विझत नाही. काळजी घ्यायची, आणि त्या काळजीत आपलं काही चालत नाही हे रोज पाहायचं, याने विझतो. त्याच घटनेची दुसरी बाजूही विसरू नका. अरुणाबाई कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. आज पन्नास वर्षांनी आपल्या भाड्याच्या जागेतल्या किती आरोग्य केंद्रांत सिस्टरला कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे, वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे, हे ज्याने त्याने आपल्या प्रभागात जाऊन पाहावं.

नर्सची संख्या आणि थकवा यांचं नातं आता नुसतं अंदाजाचं राहिलेलं नाही. अमेरिकेत लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास केला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्सवर एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्स बर्नआउटमध्ये जाण्याची 23 टक्क्यांनी. सिस्टरचा थकवा तिच्यापुरता राहत नाही, तो खाटेवरच्या माणसापर्यंत पोचतो. कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये कायदा केला आणि 2004 पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण, हे बंधनकारक केलं. तिथे नर्सेसना ध्यानधारणेचं शिबिर देऊन प्रश्न सुटला, असं कोणी म्हटलं नाही.

आपल्याकडे मात्र उपाय म्हणून शिबिरच आठवतं. तणावमुक्तीचं एक दिवसाचं प्रशिक्षण, त्या दिवसाचं काम दुसऱ्या दिवशी दुप्पट. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 2022 पासून आहे, चांगली सोय आहे, आणि ज्या सिस्टरला गरज वाटेल तिने तो जरूर फिरवावा. पण फोन ठेवल्यावर तिला तेच टेबल आहे.

मला विचाराल तर सुरुवात मोजणीपासून व्हावी. 2027 च्या जनगणनेचे आकडे हाती येऊन त्यावरून पदं मंजूर होईपर्यंत आणखी काही वर्षं जातील. तोवर महापालिकेकडे आणि दोन्ही नगरपरिषदांकडे मालमत्ता कराची बिलं आहेत, नळजोडण्या आहेत, शाळांचे पट आहेत. त्यावरून आजची लोकसंख्या प्रभागवार काढता येते आणि ती घेऊन जादा पदांचा प्रस्ताव पाठवता येतो. करवसुलीसाठी नवी इमारत लगेच सापडते, मग लसीसाठी का सापडू नये? दुसरं, दुहेरी नोंद थांबली पाहिजे. वही तरी ठेवा नाहीतर पोर्टल तरी, आणि पोर्टल भरायला माणूस द्या. नर्सचं शिक्षण ओटीपी गोळा करण्यासाठी झालेलं नाही. रात्रपाळीत प्रसूतीकक्षात सिस्टर एकटी असता कामा नये, ही गोष्ट तर चर्चेचीही नाही. एका बाईला रक्तस्राव सुरू झाला आणि शेजारच्या टेबलावर दुसरीचं डोकं दिसू लागलं, तर एकटीने काय करायचं? अशी रात्र ज्यांनी काढली आहे त्या आज या सभागृहात आहेत, त्यांना मी सांगायला नको.

2014 च्या नोव्हेंबरअखेर वालधुनी नदीत कोणीतरी रसायन सोडलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं मळमळत, खोकत मध्यवर्ती रुग्णालयात धावली. 26 जुलै 2005 ला आणि 2019 च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी चढलं, 2019 मध्ये तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. या पट्ट्यात संकट सांगून येत नाही आणि ते येतं तेव्हा पहिल्यांदा ड्युटीवर असलेल्या सिस्टरसमोर येतं. अशा रात्रीनंतर तिला दोन दिवस सुट्टी आणि कोणाशी तरी मोकळं बोलायची सोय, हे नियमातच असायला हवं. आज ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला परत येते, आणि आपण म्हणतो, खेकसली.

शेवटी आपल्या हातातलं. सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे थोडा निधी असतो, बैठकीचं इतिवृत्त असतं. आपल्यापैकी किती जणांनी ते मागून पाहिलं आहे? ते मागा. मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यांतली कंत्राटी किती, हे दर तिमाहीला केंद्राच्या दारावर लावायला सांगा. सिस्टरच्या वागण्याची तक्रार करायची असेल तर अवश्य करा, तो तुमचा हक्क आहे, पण तक्रारीच्या त्याच कागदावर त्या दिवशी त्या पाळीत किती जणी होत्या आणि समोर किती रुग्ण होते, हेही लिहा. नगरसेवक नव्या दवाखान्याचं उद्घाटन करायला आले की फीत कापायच्या आधी विचारा, इथे नर्स किती, आणि त्यांची ऑर्डर किती महिन्यांची?

मला एवढंच सांगायचं होतं. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे. समोर ज्या सिस्टर बसल्या आहेत त्यांना पहिली संधी द्यावी, अशी अध्यक्षांना विनंती करतो. पाळी 8 ला बदलते, त्यांना निघावं लागेल.